डूम्सडे मराठीत आणा, माझी कुजबुज आता पुरत नाही : नागपूरहून एक खुलं पत्र

प्रति,
'अ‍ॅव्हेंजर्स : डूम्सडे' हा हॉलिवूडचा सुपरहिरोंच्या टोळीचा सिनेमा भारतात आणणारे वितरक, आणि सिनेमा कोणत्या भाषेत डब करायचा ते ठरवणारे सगळे साहेब-मॅडम लोक,
तसंच नागपुरातल्या मल्टिप्लेक्सची मॅनेजर मंडळी (तुमचा नंबर शेवटी आहे, पण आहे)

नमस्कार.

मी नंदनवनचा. वय ३१, नोकरी अकाउंट्सची, आणि गेली चौदा वर्षं मी बिनपगारी डबिंग आर्टिस्ट आहे. रामाचा वनवास पण तेवढाच होता. माझा श्रोता एकच, माझी आजी, आणि माझा स्टुडिओ म्हणजे तिच्या उजव्या कानाजवळची सीट. हे काम आता माझ्याच्यानं होत नाही, ते तुम्ही घ्या, एवढंच म्हणणं आहे. पण एवढंच लिहिलं तर तुम्ही वाचून सोडून द्याल, म्हणून सविस्तर लिहून राहिलो.

सुरुवात २७ एप्रिल २०१२ ची. पहिला अ‍ॅव्हेंजर्स आपल्याकडे अमेरिकेच्या एक आठवडा आधी लागला होता, त्याचीच आम्हा पोट्ट्यांना केवढी मस्ती. मी अकरावीची परीक्षा देऊन मोकळा, मित्राने ऐनवेळी टांग दिली, एक तिकीट उरलं आणि घरी कूलरचा पंप जळलेला. नागपुरात एप्रिलच्या शेवटी कूलर बंद म्हणजे काय असतं ते मुंबईत बसून नाही समजणार. आई म्हणाली आजीला घेऊन जा, दोन-तीन तास एसीत तरी बसेल बिचारी. तर आजी आली ती एसीसाठी. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली (ती गेटवर काढून घेतली, त्यावर पुढे येतो). बसल्या बसल्या तिने विचारलं, "हा एकडोळ्या कोन व्हय?" मी कानात सांगितलं. मग "हा शिंगवाला कायले आला?" तेही सांगितलं. इंटरव्हलपर्यंत माझं पूर्ण रनिंग ट्रान्सलेशन सुरू झालं होतं आणि आजीने सगळ्यांचं बारसं करून टाकलं होतं. टोनी स्टार्क म्हणजे लोखंड्या, कॅप्टन म्हणजे ढालवाला, हल्क अर्थातच भीम. लोकीला (तोच शिंगवाला) हल्क जमिनीवर आपटतो तो सीन तुम्हाला माहीत आहे, त्यावर आमची आजी एवढ्या मोठ्यानं हसली की पुढच्या रांगेतली पोट्टी पडदा सोडून तिलाच पाहू लागली.

त्यानंतर एकही टीमचा सिनेमा तिने सोडला नाही. २०१५ ला अल्ट्रॉन, त्यात व्हिजन हा बनवलेला हिरो आला तेव्हा "हा जन्मला का बनवला?" असं विचारलं, त्याचं उत्तर मला आजपर्यंत नीट देता आलं नाही. २०१८ ला थॅनोस या व्हिलनने चुटकी वाजवली, अर्धे हिरो राख झाले, लाइट लागले, सगळं थेटर गप्प, आणि ही म्हणाली, "बाकीचं कधी दाखवतेत?" मी म्हटलं एक वर्षानं. "वरीसभर? मी राहीन का तवर?" राहिली. २६ एप्रिल २०१९ ला एंडगेमचे १८१ मिनिटं एका जागी बसून पाहिले, बाहेर पारा ४५ च्या घरात, आणि टोनी गेला तेव्हा मी काहीच भाषांतर केलं नाही कारण मलाच रडू येत होतं. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "लहान पोरगी हाय रे त्याची." तिला कुणी सांगायची गरज पडली नव्हती.

आता आजी ८१ ची आहे. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नजर उलट चांगली झाली, पण कान गेले. पूर्ण नाही, पण कुजबुज तिच्यापर्यंत पोचत नाही. हे मला घरी कधी जाणवलं नाही कारण घरी आम्ही सगळे ओरडूनच बोलतो. गेल्या डिसेंबरात अवतारचा तिसरा भाग बघायला नेलं तेव्हा समजलं. मी बोललो, ती "आं?" मी परत बोललो, ती परत "आं?" तिसऱ्यांदा मी जेवढ्या आवाजात सांगितलं तेवढ्यात मागून एक जण म्हणाला, "भाऊ, आम्ही बी पैसे देऊन आलो." तो काही चुकीचं बोलला नाही. मी सॉरी म्हटलं आणि गप्प बसलो, आणि पुढचे दोन तास आजी नुसती रंग पाहत बसली. घरी येताना ऑटोत म्हणाली, "मस्त होता." तिला काहीच समजलेलं नव्हतं.

म्हणून हे पत्र.

आता डूम्सडे. हा सिनेमा आधी १ मे २०२६ ला येणार होता, म्हणजे महाराष्ट्र दिनी (विदर्भवाद्यांनी नाक मुरडू नये, मी फक्त तारीख सांगून राहिलो). मग तुम्ही तो १८ डिसेंबरवर ढकलला. साडेसात महिने. व्हीएफएक्सला वेळ लागतो, लागू द्या, अर्धवट पिक्चर दाखवण्यापेक्षा उशीर बरा, मागची काही वर्षं घाईत काढलेले पिक्चर आम्ही भोगलेच आहेत. पण तुमच्यासाठी ते साडेसात महिने असतात, ८१ वर्षांच्या फॅनसाठी ती साडेसाती असते हे पण जरा लक्षात घ्या.

फॅन म्हणून माझी मतं बरीच आहेत. जुलै २०२२ ला तुम्ही 'कांग डायनॅस्टी' नावाचा पुढचा भाग जाहीर केला, दोन वर्षांनी तोच सिनेमा डूम्सडे झाला आणि रॉबर्ट डाउनी ज्युनियर, म्हणजे आपला टोनीच, हिरवा झगा घालून स्टेजवर डॉक्टर डूम हा व्हिलन म्हणून उभा. मी ओरडलो, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी वाटलं की हे म्हणजे दुकान चालत नाही म्हणून जुन्या मालकाचा फोटो परत लावण्यासारखं झालं. मग मार्च २०२५ ला पिक्चरमधले नट जाहीर करायचं ते खुर्च्यांचं लाइव्ह, पाच तासांपेक्षा जास्त वेळ नुसत्या खुर्च्या आणि पाठीवर नटांची नावं, आणि मी दुसऱ्या दिवशी ऑफिस असताना ते बघत बसलो, तेव्हा तुमच्या पिक्चरवर टीका करायचा माझा नैतिक अधिकार तसाही संपलेला आहे. पिक्चर कसा निघेल ते डिसेंबरात दिसेल.

मला वाटलं होतं आजीला डाउनीचं प्रकरण समजावणं कठीण जाईल. टोनी मेला, आता तोच नट पण माणूस वेगळा, नाव व्हिक्टर व्हॉन डूम, देश लॅटव्हेरिया, तोंडावर लोखंडाचा मुखवटा, मी मल्टिव्हर्सपासून, म्हणजे एकाच वेळी अनेक विश्वं असतात तिथपासून, सुरुवात केली. दोन मिनिटं ऐकून ती म्हणाली, "म्हंजे डबल रोल. एवढं काय समजावून राहिला?"

डूम्सडेचा स्टीव्ह रॉजर्सवाला (म्हणजे ढालवाल्याचा) टीझर घरी टीव्हीवर लावला, आवाज फुल. तो मोटरसायकलवर घरी येतो, हातात तान्हं बाळ घेतो. आजीचा पहिला प्रश्न, "हा तं म्हातारा झाल्ता ना? बाकावर बसून होता." सात वर्षांपूर्वी पाहिलेला शेवट तिला लक्षात आहे, माझ्या ऑफिसातल्या पोट्ट्यांना गेल्या महिन्यातली सिरीज आठवत नाही. तिला गोष्ट समजते हो. फक्त भाषा पोचत नाही.

तर आता मुद्द्यावर येतो.

तुम्ही म्हणाल, हिंदी डब आहे ना, नागपूरच्या माणसाला हिंदी येत नाही का? येते. हे शहर सीपी अँड बेरार या जुन्या प्रांताची राजधानी होतं, १९५६ पर्यंत आम्ही मुंबईच्या राज्यात नव्हतोच, इथे भाजीवाल्यापासून बँकेच्या साहेबापर्यंत लोक एकाच वाक्यात हिंदीतून मराठीत आणि मराठीतून हिंदीत जातात. आजीला पण हिंदी येते. बर्डीच्या (सीताबर्डीच्या) बाजारात भाव करण्यापुरती येते, सिरियलमधल्या सासूची समजते. पण तुमच्या हिंदी डबची हिंदी त्यातली कोणतीच नाही. एकतर 'समयरेखा' आणि 'ब्रह्मांड' असली पुस्तकी, नाहीतर मध्येच मुंबईचा टपोरी जोक आणि कुठल्यातरी बॉलीवूड पिक्चरचा डायलॉग घुसवलेला. कॉलेजची पोट्टी हसतात, ठीक आहे, त्यांच्यासाठी ठेवा ते. आमच्या घरी त्या जोकचं पण मलाच मराठी करावं लागतं, आणि जोक समजावून सांगितला की मरतो हे तुम्हाला सांगायला नको.

आणि हिंदी येते म्हणून मराठी नको, हा हिशेब मला अकाउंटंट म्हणून पण पटत नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८.३ कोटी, तेलुगू ८.१ कोटी, तमिळ ६.९ कोटी. एंडगेम आपल्याकडे इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू अशा चार भाषांत आला. तमिळ-तेलुगू आणलात ते चांगलंच केलंत, त्यांचं काढून आम्हाला द्या असं कोण म्हणून राहिलं? पण आमचा आकडा त्यांच्यापेक्षा मोठा असून आम्ही यादीत नाही, कारण आम्ही निमूटपणे हिंदीचं तिकीट काढतो. चूक आमचीही आहे, मान्य. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या चौकात फटाके फुटले होते, आणि त्या फटाकेवाल्यांतले अर्धे पुढच्या शुक्रवारी हिंदी डबला बसले असतील. मी पण होतो त्यात.

बरं, हे होत नाही असंही नाही. जून २०२३ मध्ये स्पायडरमॅनचा 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' आपल्या देशात दहा भाषांत आला, त्यात मराठी होती. मी केवढा खूश! हिंदी-पंजाबीत त्यातल्या भारतीय स्पायडरमॅनला, पवित्र प्रभाकरला, क्रिकेटर शुभमन गिलचा आवाज होता, ती बातमी सगळीकडे, पण मराठीचा शो शोधता शोधता माझ्या नाकी नऊ आले. तीन दिवस अ‍ॅप उघडून बघितलं, एका थेटरात जाऊन विचारलं, खिडकीवरचा म्हणाला, "मराठी? ये तो इंग्लिश पिक्चर है भैया." मला काही तो शो सापडला नाही. म्हणून नुसतं डब करून भागणार नाही हे आत्ताच लिहून ठेवतो. डब करायचं, एक शो कुठेतरी रात्री पावणेबाराला टाकायचा आणि मग म्हणायचं की मराठी प्रेक्षक येत नाही, असं नका करू.

आवाज देणारे कुठून आणायचे हा प्रश्न तुम्हाला पडू नये. पुष्पाला हिंदीत आवाज आपल्या श्रेयस तळपदेने दिला, अख्ख्या देशाने तो ऐकला. आमचेच लोक दुसऱ्या भाषेत बोलून पिक्चर चालवून देऊन राहिले, त्यांना एकदा स्वतःच्या भाषेत बोलू द्या.

फक्त एक विनंती. मराठी म्हणजे सगळ्यांच्या तोंडी एकच सदाशिव पेठ घालू नका. थॉरला पोथीची भाषा द्या, त्याला शोभेल, आजीला तर फारच आवडेल. डूमला भारदस्त, संगीत नाटकातल्या राजासारखी, तोही राजाच आहे शेवटी. पण फँटास्टिक फोर या चौघांच्या टोळीतला बेन ग्रिम, तो दगडाचा, तो न्यूयॉर्कच्या गल्लीतला साधा माणूस आहे, मनानं सोनं, तोंडानं फटकळ. त्याला वऱ्हाडी द्या. "कायले डोकं खाऊन राहिला बे" हे त्या दगडी तोंडातून ऐकायला मी तीन वेळा तिकीट काढीन आणि माझ्यासारखे नागपूर, अमरावती, अकोला, यवतमाळला हजारो निघतील. हे मी गंमत म्हणून नाही लिहून राहिलो.

मराठी सिनेमावाले इथे म्हणतील की आम्हालाच स्क्रीन मिळत नाही, त्यात आता हॉलिवूड पण मराठी होऊन आलं तर आम्ही कुठे जायचं. त्यांचं म्हणणं खरं आहे. मल्टिप्लेक्समध्ये मराठी पिक्चर प्राइम टाइमला लागावा म्हणून २०१५ ला सरकारला मध्ये पडावं लागलं होतं, आणि उद्या कुणीतरी हुशार माणूस डूम्सडेचा मराठी डब लावून म्हणेल की झाला आमचा मराठीचा कोटा. तसं व्हायला नको. माझी मागणी तुमच्या हिंदी-इंग्रजीच्या शोंतून एक शो काढून मराठी डबला द्या अशी आहे, मराठी सिनेमाच्या ताटातला घास नको.

सबटायटल हा उपाय नाही, ते आधीच सांगतो. आजी चौथी शिकलेली, पोथी वाचते ती ओठ हलवत, बोट ठेवून. पडद्यावर बोट कुठे ठेवणार?

आता नागपूरच्या मॅनेजर मंडळींकडे येतो, थोडक्यात.

एंडगेम संपल्यावर पुढचा सीन नव्हता, पण नावं सरकून झाल्यावर शेवटी हातोड्याचे ठोके ऐकू येतात, २००८ च्या पहिल्या आयर्न मॅनमध्ये टोनी गुहेत बसून चिलखत ठोकतो ना, तेच ठोके. अकरा वर्षांचा हिशेब तिथे बंद होतो. मी त्यासाठी आजीला बसवून ठेवलं होतं. तुमच्या लोकांनी लाइट लावले, दारं उघडली, झाडू सुरू झाला आणि डोअरकीपर येऊन म्हणाला, "खतम हो गया भैया, चलो." ठोके आले तेव्हा ते ठोके कोणते आणि सीट आपटल्याचे आवाज कोणते हे समजायची सोय नव्हती. त्या पोराचा दोष नाही, त्याला पंधरा मिनिटांत पुढच्या शोसाठी हॉल झाडायचा असतो, शोची वेळ लावणाऱ्याचा आहे. डूम्सडेला शेवटचं अक्षर जाईपर्यंत अंधार ठेवा. दोन शोंमध्ये दहा मिनिटं वाढवा, त्या बदल्यात सुरुवातीच्या जाहिराती दहा मिनिटं कमी करा, गुटखा नको म्हणणाऱ्या त्या दोन सोडून, त्या सक्तीच्या आहेत ते माहीत आहे.

इंटरव्हल कुठेही चाकू मारल्यासारखा नका टाकू. निदान वाक्य तरी पूर्ण होऊ द्या.

पाणी. जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बाहेरचं खाणं आत येऊ द्यायचं की नाही हे थेटरवाल्यांनी ठरवावं, पण प्यायचं स्वच्छ पाणी फुकट ठेवावं. तुमचा पॉपकॉर्न तुम्हाला लखलाभ. पण म्हाताऱ्या बाईला औषधाच्या गोळीसाठी पाणी लागतं, तेव्हा ते पाणी कुठे ठेवलंय हे काउंटरवरच्या तीन जणांना विचारत फिरावं लागू नये.

आणि १८ डिसेंबर म्हणजे आमच्याकडे बहुतेक विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचे दिवस. मोर्चे मॉरिस कॉलेज टी पॉइंटला अडवलेले, बर्डीकडचे अर्धे रस्ते बॅरिकेड लावून बंद, पोलीस बाहेरगावचे, त्यांना विचारलं तर त्यांनाच रस्ता माहीत नसतो. सगळे चांगले शो एकाच भागात लावू नका. आमच्या पूर्व नागपुरात पण माणसंच राहतात.

(पहिल्या दिवशी सकाळचा शो पाहून दुपारी व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर शेवट टाकणाऱ्या महान लोकांसाठी वेगळं पत्र लिहायचं होतं, पण त्यांचा इलाज आपल्या मारबतीच्या मिरवणुकीत आहे, जिथे इडा-पीडा पुतळ्यांसोबत गावाबाहेर काढतात. त्यातला एक बडग्या (पुतळा) त्यांच्या नावाचा. घेऊन जा गे मारबत.)

तर मागण्या सरळ आहेत. डूम्सडे १८ डिसेंबरला, बाकी भाषांसोबत त्याच दिवशी, मराठीत लावा, सहा महिन्यांनी मोबाइलवर नको. नागपुरात पहिला आठवडाभर रोज निदान एक मराठी शो दुपारी बारा ते सहाच्या मधला द्या, कारण म्हातारी माणसं आणि लहान पोरं रात्रीच्या थंडीत साडेअकराला घरी जात नसतात. तो शो टूडी ठेवा, चष्म्यावर चष्मा बसत नाही. तिकीट अ‍ॅपवर भाषेच्या रकान्यात 'मराठी' असं स्पष्ट दिसलं पाहिजे आणि खिडकीवरच्या माणसालाही ते माहीत पाहिजे. जमत नसेल तर 'जमत नाही' असं कारणासकट जाहीर सांगा, गप्प बसू नका. आणि जमलं तर १७ डिसेंबर २०२७ च्या 'सीक्रेट वॉर्स' या पुढच्या भागासाठी परत पत्र लिहायला लावू नका.

शो भरवायची जबाबदारी आमच्यावर टाका. माझ्या गल्लीतले चौदा जण आत्ताच मोजून ठेवलेत, त्यातले सहा साठीच्या वरचे, आजीच्या भजनी मंडळातले, त्यांना तिने थॅनोसपर्यंतची गोष्ट सांगून झालेली आहे.

आपला,
नंदनवन, नागपूरचा एक फॅन (आणि डबिंग आर्टिस्ट, निवृत्तीच्या वाटेवर)

ता. क. : हे पत्र आजीला वाचून दाखवलं, मोठ्यानं. तिची एक भर आहे. ढालवाला लढाईले गेल्यावर ते लेकरू कोनापाशी ठेवनार, असं विचारून राहिली. याचं उत्तर मात्र आत्ता देऊ नका, पिक्चरमध्येच द्या.